यादीवरून उभं केलेलं घर

ॲमस्टरडॅमच्या योडेनब्रेस्त्राट या रस्त्यावर, जुन्या ज्यू वस्तीच्या ऐन मध्यात, चित्रकार रेम्ब्रांटचं घर आहे. १६३९ साली त्याने ते १३,००० गिल्डरना घेतलं. तेव्हा तो ऐन उमेदीत होता, पैसा येत होता आणि तो येतच राहील असं त्याला वाटत होतं. हप्ते थकत गेले, कर्जावर कर्ज चढलं आणि जुलै १६५६ मध्ये त्याने दिवाळं जाहीर केलं. २५ आणि २६ जुलैला दिवाळखोरांची मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याची माणसं घरात शिरली आणि खोलीखोलीतून फिरत दिसेल ते लिहीत गेली. रोमन सम्राटांचे पुतळे, शिरस्त्राणं, शिंपले, पोवळी, प्लास्टरचे साचे, राफाएल आणि मांतेन्या यांच्या चित्रांच्या छापांची बाडं, खुर्च्या, आरसे, उशा असं सगळं त्यात आलं. शेवटी तर धुवायला गेलेले कपडेही नोंदले गेले: सदरे, हातरुमाल, टेबलावरची कापडं, थोड्या कॉलरी. ३६३ नोंदींची ही यादी देणेकऱ्याच्या मोठेपणासाठी झाली नव्हती, सावकारांच्या सोयीसाठी झाली होती. सामान लिलावात गेलं. १६५८ मध्ये घरही गेलं, तेही घेतलेल्या किमतीपेक्षा कमी पैशांत. पुढच्या मालकांनी त्याची दोन घरं केली आणि आतल्या भिंती फिरवल्या. १९०६ मध्ये शहराने ते विकत घेतलं, १९११ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं आणि शतकाच्या अखेरीस ठरलं की आतला भाग पुन्हा रेम्ब्रांटच्या काळासारखा करायचा. आधार होता तो त्या यादीचाच. त्या काळातल्या वस्तू शोधून किंवा नव्याने घडवून खोल्या भरल्या गेल्या. आज दिवाणखान्यातला पलंग त्याचा नाही, खुर्ची त्याची नाही, भिंतीवरचा रंगही त्याच्या वेळचा नाही. लोक मात्र देशोदेशीहून येतात आणि त्या खोल्यांमधून हलक्या आवाजात बोलत फिरतात.

या आदराचा विषय नेमका कोणता? प्रश्न कलेच्या इतिहासाचा वाटतो, पण तो मुळात धर्माचा आहे, कारण धर्मांनी तो सर्वांत आधी आणि सर्वांत गंभीरपणे हाताळला आहे. पादुका, समाधी, अस्थी, बोधिवृक्षाची फांदी, संताचं वस्त्र या सगळ्यांमागे एक समजूत आहे: थोर माणसाचा स्पर्श वस्तूत मुरतो आणि वस्तूतून आपल्यापर्यंत येतो. ही समजूत खरी धरली तर योडेनब्रेस्त्राटवरचं घर रिकामंच म्हणायला हवं, कारण स्पर्श झालेली वस्तू तिथे जवळजवळ उरलेलीच नाही. माझं म्हणणं असं की ते घर रिकामं नाही, आणि ते का रिकामं नाही हे पाहिलं तर आपण एरवी कशापुढे हात जोडतो हेही नीट कळतं. थोर माणसाचा वारसा वस्तूत राहत नाही. तो एका कृतीत राहतो, आणि ती कृती दुसऱ्या कुणी पुन्हा लक्ष देऊन केली तरच टिकतो. वस्तूचं मोल आहे ते त्या कृतीला आधार देण्यापुरतं.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० मध्ये. तेव्हा लिहिलेली मूळ प्रत आज कुणाजवळ नाही. आपण वाचतो तो पाठ प्रामुख्याने एकनाथांनी जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, जमलेल्या प्रती ताडून शुद्ध केलेला आहे. म्हणून पारायणाला बसलेल्या माणसाला काही उणं वाटतं का? तसंच देवघरातल्या लक्ष्मीचं. मळवलीच्या छापखान्यात निघालेल्या रविवर्म्याच्या छापील चित्रांपुढे गेल्या पिढ्यांनी रोज निरांजन ओवाळलं. मूळ तैलचित्र कुठल्या राजवाड्यात आहे, असं त्यांतल्या कुणी विचारलं नाही. गणपतीची मूर्ती तर आपण दरवर्षी मातीची आणतो, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो आणि ठरल्या दिवशी ती पाण्यात सोडतो. पुढच्या वर्षीची मूर्ती वेगळी, माती वेगळी, पण देव बदलला असं कुणी म्हणत नाही. मूळ वस्तूचा आग्रह हा अशा भक्तीत गौण असतो. महत्त्वाचं असतं ते आवाहन, म्हणजे पुन्हा करायची गोष्ट.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नेवाशाला पैसाचा खांब आहे. ज्ञानदेवांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे आणि वारकरी त्या दगडावर डोकं टेकतात. त्यांना आपण काय सांगणार, की दगडात काही नाही? तसं सांगणं उद्धटपणाचं तर होईलच, शिवाय चुकीचंही होईल. खांब एक गोष्ट अशी देतो जी ग्रंथ देत नाही: हे कुणीतरी बसून सांगितलं, त्याला पाठ होती आणि पाठीला आधार लागत होता. ग्रंथ आभाळातून पडला नाही याची ती साक्ष आहे. पण ज्या दिवशी नेवाशात आणि इतरत्र ओवी म्हणणारं कुणी उरणार नाही, त्या दिवशी तो खांब पुरातत्त्व खात्याच्या एका पाटीपुरता उरेल. स्पर्शाला अर्थ येतो तो चालू असलेल्या पारायणातून. पारायणाला मात्र खांबावाचून चालतं. आळंदीत चालतं, न्यू जर्सीतल्या एखाद्या तळघरातही चालतं.

गंमत अशी की या प्रश्नाचं तात्त्विक उत्तर ज्या माणसाने सर्वांत काटेकोरपणे मांडलं, तो रेम्ब्रांटच्याच वस्तीतला. बारूख स्पिनोझा १६३२ साली त्या घरापासून चार पावलांवर जन्मला. २६ जुलै १६५६ ला अधिकाऱ्यांनी रेम्ब्रांटच्या सामानाची यादी संपवली आणि दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, ज्यू समाजाच्या प्रमुखांनी तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला वाळीत टाकलं. एकाचं घर गेलं, दुसऱ्याचा समाज. पुढे ‘एथिक्स’च्या दुसऱ्या भागात स्पिनोझाने विचारलं की एखादं शरीर ‘तेच’ राहतं म्हणजे काय. त्याचं उत्तर असं: शरीराचे काही भाग निघून गेले आणि त्यांच्या जागी तशाच स्वभावाचे तेवढेच भाग आले, तरी ते शरीर तेच राहतं, मात्र भागाभागांमधलं गती आणि स्थिरता यांचं नातं टिकायला हवं. ओळख द्रव्यात नाही, द्रव्य ज्या रीतीने चालतं त्या रीतीत आहे. आणि याला मर्यादाही त्यानेच घातली. चौथ्या भागात तो एका स्पॅनिश कवीचं उदाहरण देतो. आजारातून उठल्यावर त्या कवीला आपलं पूर्वायुष्य आठवेना, स्वतःचं लेखनही स्वतःचं वाटेना. शरीर जिवंत होतं, पण हा तोच माणूस आहे असं म्हणायला स्पिनोझा तयार नाही. खुद्द स्पिनोझाच्या बाबतीतही पुढे रेम्ब्रांटच्या घरासारखंच घडलं, हे नोंदवण्यासारखं आहे. १६७७ मध्ये तो वारल्यावर त्याच्या सामानाची यादी झाली, तीत सुमारे १६० पुस्तकं होती. ती विकली गेली. राइन्सबुर्खच्या ज्या छोट्या घरात तो काही काळ राहिला होता, तिथल्या संग्रहालयात त्याच आवृत्त्या शोधून ते कपाट पुन्हा भरलं आहे. त्याच्या हातातली प्रत त्यात नाही, पण त्याने कुठलं गणित आणि कुठलं व्याकरण शेजारीशेजारी ठेवून वाचलं ते कळतं.

रेम्ब्रांटने हा वारसा कसा घेतला, हे पाहायला त्याच्या यादीतच एक धागा आहे. कागदांच्या बाडांमध्ये एक बाड ‘कुतूहल वाटावं अशा’ लघुचित्रांचं नोंदलं आहे. ती मोगल चित्रं असावीत असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, त्याने मोगल चित्रं समोर ठेवून पाहिली यात शंका नाही, कारण १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्यांवरून त्याने केलेली वीसहून अधिक रेखाटनं आज शिल्लक आहेत. त्यांत शाहजहान आहे, दारा शुकोह आहे. डचांची वखार तेव्हा सुरतेला होती, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. कंपनीच्या जहाजांमधून मिरीबरोबर आणि कापडाबरोबर असे कागदही गेले असणार. स्वतः कधी देश न सोडलेला हा माणूस एरवी जाड, झपाट्याच्या रेषेने काढायचा. इथे त्याने बारीक रेषा धरली, अंगरख्याच्या चुणीला आणि कट्यारीच्या मुठीला मान दिला आणि कागदही मुद्दाम आशियातून आलेला, गुळगुळीत वापरला. या रेखाटनांपैकी एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: झाडाखाली चार वृद्ध जमिनीवर बसले आहेत, मधे चहापानासारखं काही मांडलं आहे. आणि १६५६ सालचंच त्याचं एक एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्रीवरून काढलेलं छापचित्र आहे, अब्राहामाच्या दारी आलेल्या देवदूतांचं. बायबलमधला हा प्रसंग युरोपात शतकानुशतकं रंगवला गेला, त्यात पाहुणे बहुधा टेबलाशी. रेम्ब्रांटचे पाहुणे जमिनीवर बसले आहेत, मधे थाळी, दाढीवाला वृद्ध हातात पेला धरून बोलतो आहे, आणि यजमान अब्राहाम सुरई घेऊन अदबीने वाकला आहे. दाराआडून सारा ऐकते आहे. मोगल दरबारातल्या कुणा अनाम चित्रकाराने मुस्लीम वृद्धांना जसं बसवलं, तसं एका ख्रिस्ती माणसाने ज्यू कुलपित्याच्या अंगणात देवाला बसवलं. मला या एचिंगइतकं सर्वधर्मीय काही माहीत नाही, आणि ते कुठल्याही घोषणेतून आलं नाही. ते आलं नक्कल करताना, म्हणजे दुसऱ्याच्या रेषेमागून आपला हात सावकाश नेताना.

मूळ वस्तूंचं पुढे काय झालं तेही पाहा. चार वृद्धांच्या त्याच रचनेचं मोगल चित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. अठराव्या शतकात तिथे मोगल चित्रं कातरून, जोडून, एका दालनाच्या भिंतींना शोभेसाठी लावली गेली. आणि ज्या तांब्याच्या पत्रीवर रेम्ब्रांटने अब्राहाम कोरला, ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्या पाठीवर दुसऱ्या एका चित्रकाराने गावातला उत्सव रंगवून टाकला होता. स्पर्श झालेल्या दोन्ही वस्तू दुसऱ्याच कामाला लागल्या. जे पुढे गेलं ते एका बैठकीचं भान, आणि ते गेलं ज्याने नीट पाहिलं त्याच्या हातातून.

यावर दुसरा आक्षेप असा, की पुन्हा पुन्हा करणं म्हणजे निव्वळ कर्मकांड. रोज घंटा वाजवणाऱ्या पुजाऱ्याच्या मनात देव असतोच असं नाही. हे खरं आहे, आणि रेम्ब्रांटच्याच पत्र्या त्याचा पुरावा देतात. त्याच्यामागे त्या अनेक हातांतून फिरल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बाझां नावाच्या व्यापाऱ्याकडे त्यांतल्या बऱ्याच आल्या आणि त्याने त्यांवरून भराभर छाप काढून विकले. सुईने थेट ओरखडलेल्या रेषेला तांब्याची एक नाजूक कड उभी राहते. शाईला मखमली काळेपणा येतो तो त्या कडेमुळे, आणि थोडेच छाप काढले की ती दबून जाते. बाझांच्या छापांमध्ये काळोख राखाडी झाला आहे, आणि झिजलेल्या रेषा परक्या हाताने पुन्हा कोरलेल्या आहेत. म्हणजे मूळ पत्री हाताशी होती, कृतीही तीच होती, तरी हाती आलं ते निर्जीव. उलट आग्ऱ्याचं किंवा दिल्लीचं काहीही स्वतःचं नसताना रेम्ब्रांटच्या रेखाटनात शाहजहान जिवंत आहे. फरक लक्ष देण्याचा आहे. खुद्द रेम्ब्रांट एकाच पत्रीचे छाप काढताना कधी शाई जास्त ठेवायचा, कधी पुसून टाकायचा, कधी कागद बदलायचा. प्रत्येक छाप हा त्याच्या लेखी नवा निर्णय होता. जपाची माळ ओढणं आणि नाम घेणं यांतला जो भेद आपल्या संतांनी आयुष्यभर सांगितला, तोच हा भेद आहे.

मग त्या घरी जायचं कशाला, मुंबईत बसून चांगलं पुस्तक उघडावं, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, जावं. घर दोन गोष्टी सांगतं ज्या पुस्तकात सपाट होतात. एक म्हणजे उजेड. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या चित्रशाळेच्या खिडक्या उत्तरेकडे आहेत. तिथला उजेड दिवसभर फारसा हलत नाही, आणि माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू उजळून दुसरी सावलीत सावकाश बुडते. ज्याला आपण रेम्ब्रांटचं गूढ म्हणतो त्यातलं निदान थोडं या दिशेचं आहे, आणि हे कळल्याने गूढ कमी होत नाही. दुसरी गोष्ट शेजार. रब्बी आणि मुद्रक मेनासे बेन इस्रायल जवळच राहायचा. त्याच्या ग्रंथासाठी रेम्ब्रांटने १६५५ मध्ये चार एचिंग केली. जुन्या करारातले म्हातारे त्याला पोथीतून काढावे लागले नाहीत, ते दारासमोरून जात होते.

आणि शेजाराचा उल्लेख केला की माझ्या म्हणण्याची मर्यादाही समोर येते. ती टाळता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मारले गेले. त्यांना नेलं जाण्याआधी किंवा नेल्यावर त्यांच्या घरांतही माणसं शिरली, खोलीखोलीतून फिरली, सामानाच्या याद्या केल्या आणि ते जर्मनीला पाठवून दिलं. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात या वस्तीतल्या ओस घरांच्या तुळया आणि जिनेसुद्धा लोकांनी जळणासाठी काढून नेले. यादीवरून घर उभं करता येतं असं आपण म्हणतो, पण इथे याद्या असूनही कुणाचं घर उभं करायचं? ज्यांच्या कृती चालू ठेवायच्या, त्यांची लेकरंही उरली नाहीत. त्याच शहरात प्रिन्सेनग्राख्टवर ॲन फ्रँक जिथे लपली होती त्या खोल्या तिच्या वडिलांच्या, ओटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार सामानावाचून ठेवल्या आहेत. तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे. तिथे पलंग आणि पडदे परत लावले असते, तर लुटीवर पांघरूण पडलं असतं. जिथे काम खंडित झालं तिथे खोली भरणं एका परीने न्याय्य, पण जिथे माणसंच खुडून नेली तिथे पोकळीच खरी. वारसा कृतीतून चालतो हे माझं म्हणणं ज्यांना कृती करायला कुणी उरू दिलं नाही, त्यांच्यापुढे अपुरं पडतं, आणि ते अपुरं पडतं हे मी मान्य करतो.

राहिला नैतिक प्रश्न. या घरात रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ मध्ये वारली. त्यानंतर त्यांच्या लहानग्या मुलाला, टिटसला, सांभाळायला आलेली खेर्त्ये डिर्क्स रेम्ब्रांटची सोबतीण झाली, त्याने तिला सास्कियाचे दागिने दिले आणि नंतर नातं तुटल्यावर लग्नाच्या वचनावरून ती न्यायालयात गेली, तेव्हा त्याने हालचाली करून १६५० मध्ये तिला खाउडाच्या सुधारगृहात डांबलं. ती काही वर्षं तिथे खितपत पडली. पुढे त्याची नंतरची सोबतीण हेन्ड्रिक्ये हिला त्याच्याबरोबर राहिल्याबद्दल चर्चच्या मंडळाने जाब विचारला, १६५४ मध्ये. यादीतल्या ३६३ नोंदींमध्ये या दोघींचं दुःख कुठे नाही, आणि सुबक मांडलेल्या खोल्यांमध्ये ते आपोआप दिसतही नाही. स्पर्शाला पवित्र मानणाऱ्याची इथे खरी अडचण होते: जो हात अब्राहामाला वाकवतो, तोच खेर्त्येला कोंडण्यासाठी हालचाल करतो, मग स्पर्शात नेमकं काय मुरलं? कृतीला मानणाऱ्याला निवडता येतं. अब्राहामाची अदब पुन्हा करण्यासारखी आहे. खाउडाची हालचाल तशी नाही, ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. संताच्या समाधीपाशी आपण असा हिशेब मांडत नाही. चित्रकाराच्या घरात तो मांडायलाच हवा, आणि मला वाटतं हा संग्रहालयाचा तीर्थापेक्षा वेगळा असा धर्म आहे.

म्हणून त्या घरातली माझ्या मते सर्वांत मोलाची जागा सास्कियाच्या काळचा म्हणून मांडलेला पलंग नव्हे. तिथे एक माणूस भेट देणाऱ्यांसमोर एचिंगचा छाप काढून दाखवतो. पत्रीवर शाई चोपडायची, जाळीदार कापडाने पुसायची, शेवटी तळहात फिरवून वरचा पापुद्रा काढायचा, ओलसर कागद ठेवायचा, लोकरीचं जाड कापड टाकून यंत्राचा चाकदांडा ओढायचा. दुसऱ्या एका टेबलावर दगडी पाट्यावर गेरू आणि जवसाचं तेल घोटून रंग तयार होतो. आपल्याकडेही चित्रकारांची घरं जपावीत अशा मागण्या होतात, आणि त्या झाल्याच पाहिजेत. त्या पुऱ्या होतात तेव्हा बहुतेक वेळा चष्मा, टोपी, कुंचले आणि मानपत्रं काचेत जातात, खोलीला कुलूप लागतं आणि जयंतीला हार चढतो. थोडाच पैसा असेल तर तो काचेच्या कपाटांवर घालू नये. खिडकीच्या दिशेला उभी राहणारी नवी इमारत अडवण्यासाठी भांडावं, एक घडवंची आणि एक पाटा ठेवावा, आणि आठवड्यातून चार दिवस तरी तिथे एखाद्या तरुण चित्रकाराला बसू द्यावं, मग फरशीवर रंग सांडला तरी चालेल.